सोलापुरात बसून एक्स-रे पल्सारचा ठोका कसा शोधायचा

भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.एस्सी.ला असलेली मुलंमुली हमखास विचारतात, खगोलभौतिकीचं खरं काम करायचं तर सोलापूर सोडावंच लागतं का? न्यूट्रॉन ताऱ्यांच्या एक्स-रेपुरतं बोलायचं तर सुरुवातीला अजिबात नाही. उपग्रहांनी घेतलेली मूळ निरीक्षणं फुकट मिळतात, ती हाताळायची सॉफ्टवेअरही फुकट आहेत, आणि हजारो प्रकाशवर्षांवरचा पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठरावीक तालात एक्स-रेचे ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, स्वतःभोवती किती सेकंदांत फिरतो हे जुळे सोलापुरातल्या एखाद्या खोलीत साध्या लॅपटॉपवर मोजता येतं.

ते कसं करायचं हे खाली सांगतो. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे क्रमाचा. आधी वेळ, मग ऊर्जा आणि सगळ्यात शेवटी मॉडेल. बरेच नवखे थेट वर्णपट उघडतात, त्यावर तयार सूत्र बसवतात आणि आकडे लिहून मोकळे होतात. ताऱ्याचा ठोका त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे त्या आकड्यांमागे काय घडतंय हे त्यांना सांगता येत नाही.

पहिली पायरी: कागद-पेन घ्या, लॅपटॉप नंतर

न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याच्या साधारण १.४ पट वस्तुमान आणि त्रिज्या जेमतेम १० ते १२ किलोमीटर. आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांचं चुंबकीय क्षेत्र १० चा बारावा घात इतके गॉस असतं. पृथ्वीचं अर्ध्या गॉसच्या आसपास आहे. असा तारा दुसऱ्या एका साध्या ताऱ्याबरोबर जोडीने फिरत असेल, तर जोडीदाराचा वायू तो ओढून घेतो. कधी जोडीदाराच्या जोरदार वाऱ्यातून, कधी त्याच्या विषुववृत्ताभोवतीच्या तबकडीतून, तर कधी जोडीदार इतका फुगलेला असतो की त्याचा वायू सरळ ओसंडून येतो.

हा वायू ताऱ्यापासून हजारभर किंवा काही हजार किलोमीटरवर आला की चुंबकीय क्षेत्र त्याचा ताबा घेतं. तिथून पुढे त्याला मनाला येईल तसं पडता येत नाही. क्षेत्ररेषांच्या वाटेने तो दोन चुंबकीय ध्रुवांकडेच जातो आणि प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पृष्ठभागाकडे कोसळतो. एवढ्या ताऱ्यात तो आदळतो ती जागा फार तर चौरस किलोमीटरभर.

आता हिशोब करा. एक ग्रॅम वायू इतक्या खोल पडला की गुरुत्वाकर्षणाची जी ऊर्जा सुटते ती सुमारे १.९ गुणिले १० चा तेरावा घात इतके ज्यूल, म्हणजे ५२ लाख युनिट वीज. आपल्या सोलापूरचा १३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प पूर्ण क्षमतेने जवळपास चार तास चालला तर एवढी वीज तयार होते. आणि या ताऱ्यांवर सेकंदाला एक ग्रॅम पडत नाही, पन्नास अब्ज टनांच्या घरात पडतो. हायड्रोजनच्या अणुसंमीलनात वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जेत जातो. इथे नुसत्या पडण्यातून २० टक्क्यांच्या आसपास. हे आकडे स्वतः काढून पाहा. गुरुत्वीय स्थितिज ऊर्जेचं बारावीचं सूत्र त्याला पुरतं.

दुसरा हिशोब त्याहून महत्त्वाचा. ही ऊर्जा म्हणजे सेकंदाला १० चा तिसावा घात ज्यूल, सूर्याच्या अडीच हजार पटींपेक्षा जास्त. ती एक चौरस किलोमीटरमधून बाहेर पडते असं धरा आणि स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम लावा. तापमान सहा-साडेसहा कोटी केल्व्हिन येतं. इतक्या तापमानाची वस्तू दृश्य प्रकाशापेक्षा एक्स-रेमध्येच जास्त झळकते. एक्स-रे का, याचं ढोबळ उत्तर तुम्ही कागदावर काढलंत.

ठोका का, हेही इथेच कळतं. फिरण्याचा अक्ष आणि चुंबकीय अक्ष एका रेषेत नसतात, म्हणून तारा फिरतो तशी ध्रुवांवरची तापलेली जागा आपल्याकडे वळते आणि दूर जाते. आपल्याला दिसणारा एक्स-रे तेवढ्या तालात वाढतो-कमी होतो.

इतिहासातलं एवढंच लक्षात ठेवा. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळच्या तळावरून उहुरू हा उपग्रह सुटला. त्याच्या निरीक्षणांत नरतुरंग तारकासमूहातला सेन एक्स-३ हा स्रोत ४.८४ सेकंदांच्या तालात ठोके देताना सापडला. शिवाय २.०९ दिवसांनी तो जोडीदाराआड जात होता, म्हणजे जोडी असल्याचा पुरावा हातात आला. या कामामागच्या रिकार्डो जियाकोनी यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. सेन एक्स-३ चा आवर्तकाल आता ४.८० च्या आसपास आहे. वरून पडणारा वायू फिरता फिरता येतो आणि ताऱ्याला आणखी वेगात फिरवतो.

दुसरी पायरी: स्रोत निवडणे

पहिल्यांदा वेला एक्स-१ च घ्या. त्याचा आवर्तकाल सुमारे २८३ सेकंद आहे, त्यामुळे दहा-दहा सेकंदांचे कप्पे करून आलेख काढला तर ठोके कुठल्याही गणिताशिवाय दिसतात. स्क्रीनवर ते चढउतार पहिल्यांदा पाहिल्यावर माणूस या विषयात अडकतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

एक काळजी घ्या. हा तारा ८.९६ दिवसांत जोडीदाराभोवती फेरी मारतो आणि त्यातले जवळपास दोन दिवस त्याच्या आड असतो. निवडलेलं निरीक्षण नेमकं ग्रहणातलं निघालं तर ठोका शोधत बसाल. निरीक्षणाची तारीख आणि प्रसिद्ध झालेले कक्षेचे आकडे घेऊन आधी कक्षेतली जागा काढा, मगच डाउनलोड करा.

त्यानंतर सेन एक्स-३, तिथे ठोका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मग शौरी तारकासमूहातला हर्क्युलिस एक्स-१: १.२४ सेकंदांचा ठोका, १.७ दिवसांची कक्षा आणि त्यावर ३५ दिवसांचं वेगळं चक्र. या चक्रात तो बराच काळ मंद असतो, म्हणून तो पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका.

जाता जाता एक सांगतो. अशा एका जोडीतला मोठा तारा तुम्ही स्वतः पाहू शकता. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या बाजूला शहराच्या उजेडापासून लांब जा. रात्री नऊच्या सुमारास ययाती तारकासमूह जवळपास डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. कृत्तिकांपासून उत्तरेकडे सातेक अंशांवर, झीटा पर्सेई या ठळक ताऱ्याच्या एक अंशाच्या आत, एक्स पर्सेई आहे. त्याच्या तेजाची प्रत सहा ते सातच्या दरम्यान बदलते, त्यामुळे साधी द्विनेत्री पुरते. दिसतो तो जोडीदार. त्याच्या सोबतचा न्यूट्रॉन तारा सुमारे १४ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा घेतो आणि त्याचे एक्स-रे वातावरणातच अडतात. म्हणूनच उपग्रह लागतो.

तिसरी पायरी: डेटा आणि सॉफ्टवेअर

आपला ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. त्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालं. ३ ते ८० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या एक्स-रेचा प्रत्येक कण ते १० मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने नोंदवतं. पल्सारसाठी नेमकं हेच लागतं. त्याचे तीन शोधक होते. पहिला नीट स्थिर राहिला नाही, तिसरा वायूगळतीमुळे २०१८ मध्ये बंद करावा लागला. म्हणून नवख्याने सरळ दुसऱ्याचा, म्हणजे लॅक्सपीसी-२० चा डेटा वापरावा.

तो मिळतो इस्रोच्या आयएसएसडीसी या संकेतस्थळावर. नाव नोंदवा, ॲस्ट्रोब्राउझमध्ये स्रोताचं नाव टाका आणि निरीक्षण मागणाऱ्या संशोधकांचा राखीव काळ संपलेली यादी पाहा. फायली मोठ्या असतात, कित्येक जीबींच्या. मोबाइलच्या डेटावर हे करू नका. कॉलेजचं किंवा घरचं ब्रॉडबँड रात्री मोकळं असतं तेव्हा डाउनलोड लावा. इंटरनेट अगदीच कमी असेल तर नासाच्या हेसार्क भांडारातून नायसर या उपकरणाच्या फायली घ्या. त्या लहान असतात, नावनोंदणी लागत नाही. पण नायसरची झेप १२ केईव्हीपर्यंतच, त्यामुळे पुढची ऊर्जेची गंमत त्यात पूर्ण दिसणार नाही.

लॅपटॉपवर लिनक्स हवं, उबुंटू चालतं. आठ जीबी रॅम पुरते. हेसॉफ्ट हा नासाचा संच आणि लॅक्सपीसीची स्वतंत्र सॉफ्टवेअर टाका. हेसॉफ्ट बसवताना एखादी लायब्ररी सापडत नाही म्हणून ते मध्येच थांबतं. तेव्हा घाबरून सगळं पुसू नका, शेवटच्या वीस ओळी वाचा. काय कमी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळिशी ओलांडतो आणि तासन्तास गणित करणारा लॅपटॉप तापून आपोआप मंदावतो, म्हणून मोठी कामं पहाटे लावा.

चौथी पायरी: ठोका

काम इथे सुरू होतं आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

कच्च्या फायलीतून आधी चांगल्या वेळा वेगळ्या काढायच्या. ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर उंचीवरून सुमारे ९८ मिनिटांत पृथ्वीची फेरी मारतो. प्रत्येक फेरीत काही वेळ पृथ्वी आड येते, काही फेऱ्यांत दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यामुळे उपकरण बंद ठेवावं लागतं. हे तुकडे वगळून दहा सेकंदांच्या कप्प्यांचा आलेख काढा. डेटाचे पट्टे आणि मधल्या रिकाम्या जागा दिसतील. पट्ट्यांमध्ये ठोके दिसतील. ते एकसारखे नसतील. काही उंच, काही बुटके, आणि वेला एक्स-१ मध्ये कधी काही ठोके जवळपास गायबच. जोडीदाराचा वारा एकसंध नाही, त्यात गुठळ्या आहेत. गुठळी आली की ताऱ्यावर जास्त पदार्थ पडतो. हा आलेख छापून भिंतीवर लावण्याच्या लायकीचा असतो.

मग वेळेची दुरुस्ती. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते, दिवसात २६ लाख किलोमीटर. तारा त्याच दिशेला असेल तर तेवढं अंतर कापायला प्रकाशाला लागणारे ८.६ सेकंद हिशोबात शिरतात. म्हणून प्रत्येक कणाची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्राशी पोचली असती तर किती असती, तशी बदलून घ्यायची. ॲस्ट्रोसॅटसाठी याची तयार आज्ञावली आहे, फक्त स्रोताचे निर्देशांक नीट द्या. सेन एक्स-३ ला हात घालाल तेव्हा आणखी एक दुरुस्ती लागेल: जोडीदाराभोवती फिरताना तो ३९.७ प्रकाशसेकंद पुढे-मागे होतो, म्हणून ४.८ सेकंदांचा आवर्तकाल कक्षेत जवळपास ०.००७ सेकंदांनी वरखाली होताना दिसतो. ती न करता लांब डेटा एकत्र केला तर ठोका पुसला जातो.

आता घडी घालायची. सोलापुरी चादरीवर एकच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. बरोबर त्या अंतरावर घड्या घातल्या तर फूल फुलावर बसतं. अंतर जरासं चुकलं की काही घड्यांतच नक्षी सरकते. सगळा डेटा एका अंदाजी आवर्तकालाने असाच दुमडायचा, थर एकमेकांवर घालायचे आणि सरासरी काढायची. आवर्तकाल चुकीचा असेल तर सरासरी सपाट येते. बरोबर असेल तर ठोक्याचा आकार वर येतो. सपाटपणापासून किती फरक आहे हे काय-स्क्वेअर या आकड्याने मोजतात. हेसॉफ्टमधली ई-एफ-सर्च ही आज्ञा वेगवेगळे आवर्तकाल घेऊन हेच करते.

किती बारीक पायऱ्यांनी शोधायचं? आवर्तकालाचा वर्ग भागिले एकूण वेळेची दुप्पट. निरीक्षण ५० हजार सेकंदांचं असेल तर २८३ साठी ०.८ सेकंद येतात. प्रत्यक्षात याच्या दहाव्या भागाने सरका. २५० ते ३२० सेकंदांच्या पट्ट्यात मधोमध एक उंच शिखर दिसलं पाहिजे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, २७० आणि २९८ च्या आसपास, छोटी शिखरं. ही छोटी शिखरं ताऱ्याची नव्हेत. ९८ मिनिटांनी पडणाऱ्या रिकाम्या जागांमुळे ती उगवतात. त्यांची जागा तुम्ही आधी कागदावर काढली असेल तर फसणार नाही: १/२८३.४ मध्ये १/५,८६० (उपग्रहाच्या एका फेरीचे सेकंद) मिळवा किंवा वजा करा आणि उलटवा. अर्ध्या आवर्तकालालाही, १४१.७ जवळ, शिखर मिळेल, कारण एका फेरीत दोन ध्रुव दिसतात.

तुमचा आकडा प्रसिद्ध आकड्याशी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळत नसेल तरी लगेच चूक समजू नका. वेला एक्स-१ चा आवर्तकाल वर्षांगणिक कधी थोडा वाढतो, कधी कमी होतो. त्याच काळातली फर्मी उपग्रहाच्या पल्सार नोंदींतली किंमत शोधून तिच्याशी ताडून पाहा.

पाचवी पायरी: तोच ठोका, वेगवेगळ्या ऊर्जेत

मिळालेल्या आवर्तकालाने डेटा चार भागांत दुमडा: ३ ते ६, ६ ते १२, १२ ते २० आणि २० ते ४० केईव्ही. चारही आकृत्या एकाखाली एक लावा आणि वेळ देऊन पाहा.

खालच्या ऊर्जेत वेला एक्स-१ चा ठोका गुंतागुंतीचा असतो, एका फेरीत पाचपर्यंत शिखरं मोजता येतात. २० केईव्हीच्या वर गेलात की सगळं निवळून दोन शिखरं उरतात. तारा तोच, आवर्तकाल तोच, मग आकार का बदलला? कमी ऊर्जेचे एक्स-रे वाटेतल्या वायूत जास्त शोषले जातात आणि जास्त ऊर्जेचे आरपार येतात, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं प्रकाश कुठल्या दिशेने सुटतो त्यात आहे. पदार्थ कमी पडत असेल तर तो पृष्ठभागाजवळ थांबतो आणि प्रकाश क्षेत्ररेषांच्या दिशेने, वर, झोतासारखा निघतो. पदार्थ खूप पडत असेल तर प्रकाशाचा दाबच त्याला हवेत अडवतो, ध्रुवावर तापलेला स्तंभ उभा राहतो आणि प्रकाश स्तंभाच्या बाजूंनी निसटतो. सूर्याच्या काही हजार पट तेजाच्या आसपास हा बदल घडतो. या स्तंभाचं मूळ गणित बास्को आणि सुन्याएव यांनी १९७६ मध्ये मांडलं. पन्नास वर्षांनंतरही त्यातले सगळे प्रश्न मिटलेले नाहीत.

हे पाहून झाल्यावरच वर्णपट उघडा.

सहावी पायरी: वर्णपट आणि चुंबकीय क्षेत्राचं माप

एक्सस्पेक या आज्ञावलीत वर्णपट घ्या. अशा ताऱ्यांचा वर्णपट घातीय उताराने खाली येतो आणि १० ते ३० केईव्हीच्या दरम्यान कुठेतरी एकदम गळतो, ती त्याची कड. स्तंभातले वेगवान इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धक्के देऊन त्यांची ऊर्जा वाढवतात, म्हणून तो साध्या तापलेल्या वस्तूसारखा दिसत नाही. ६.४ केईव्हीला बारीक उंचवटा असतो, तो आजूबाजूच्या वायूतल्या लोखंडाचा. शोषण, घातीय उतार, कड आणि लोखंडाची रेषा, एवढंच आधी बसवा.

मग उरलेल्या फरकाचा आलेख पाहा. वेला एक्स-१ मध्ये २५ केईव्हीजवळ उथळ खड्डा आणि ५० ते ५५ च्या आसपास त्याहून खोल खड्डा सापडतो. प्रचंड चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनला क्षेत्राला आडवं हवं तसं फिरता येत नाही, ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात. त्या पातळ्यांमधल्या फरकाइतक्या ऊर्जेचे प्रकाशकण अडवले जातात आणि वर्णपटात खड्डा पडतो. नियम सोपा आहे: १० चा बारावा घात गॉसला ११.६ केईव्ही, आणि ताऱ्याच्या गुरुत्वामुळे हा आकडा आपल्यापर्यंत येताना सुमारे १.३ ने भागला जातो. २५ गुणिले १.३ भागिले ११.६, म्हणजे २.८. वेला एक्स-१ चं चुंबकीय क्षेत्र २.८ गुणिले १० चा बारावा घात गॉस. प्रयोगशाळेत असं क्षेत्र कुणी निर्माण करू शकत नाही, आणि तुम्ही ते एका भागाकाराने मोजलंत. न्यूट्रॉन ताऱ्याचं क्षेत्र या रीतीने पहिल्यांदा मोजलं गेलं ते १९७६ च्या बलूनवरच्या निरीक्षणातून, ट्रुम्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हर्क्युलिस एक्स-१ चं.

इथे मी फार सावध राहायला सांगेन. लॅक्सपीसीमध्ये झेनॉन वायू आहे आणि झेनॉनची स्वतःची शोषणकड ३४.६ केईव्हीला आहे. त्या परिसरात दिसलेला खड्डा ताऱ्याचा म्हणण्याआधी क्रॅबसारख्या खड्डे नसलेल्या स्रोताचा वर्णपट त्याच रीतीने काढून पाहा. तिथेही तोच खड्डा दिसला तर तो उपकरणाचा. १० केईव्हीजवळच्या लाटेवरही चटकन विश्वास ठेवू नका, ती पुष्कळ पल्सारमध्ये दिसते आणि बसवलेल्या मॉडेलनुसार सरकते. खड्डे ठसठशीत पाहायचे असतील तर ४यू ०११५+६३ या पल्सारच्या उद्रेकातला डेटा शोधा. मूळ खड्डा ११-१२ केईव्हीला आणि पुढे त्याच्या पटींत एकामागून एक.

यात अजून न सुटलेलं बरंच आहे. स्तंभातून येणारे एक्स-रे ६० ते ८० टक्क्यांपर्यंत ध्रुवित असावेत असा अंदाज होता. आयएक्सपीई उपग्रहाने हर्क्युलिस एक्स-१ पाहिला तेव्हा ते प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली निघालं. कारणांवर आजही वाद चालू आहे. १ जानेवारी २०२४ ला गेलेल्या आपल्या एक्सपोसॅटवरचं पोलिक्स हे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत बनलेलं उपकरण ८ ते ३० केईव्हीमध्ये ध्रुवीकरणच मोजतं. आज बी.एस्सी.त असलेल्यांच्या वाट्याला हे काम येऊ शकतं.

अडलात तर

वहीत प्रत्येक आज्ञा, निरीक्षणाचा क्रमांक आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहीत जा. केगावच्या आपल्या विद्यापीठातल्या किंवा तुमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना आधी दाखवा. त्यांचा विषय वेगळा असला तरी सांख्यिकी आणि वेळेचं गणित त्यांना येतं. पुढचा टप्पा पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. ती विद्यापीठांसाठीच उभारलेली आहे आणि ॲस्ट्रोसॅट वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष तिथे आहे. मेल करताना ‘सर, प्रोजेक्ट हवा’ एवढंच लिहू नका. स्रोताचं नाव, निरीक्षण क्रमांक, काढलेला आवर्तकाल, चार ऊर्जांची आकृती आणि नेमकं कुठे अडलं ती ओळ जोडा. भेटायची वेळ मिळाली तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून संध्याकाळच्या परतीच्या गाडीने घरी येता येतं. लॅपटॉप, चार्जर आणि ती वही सोबत न्या.